चीनवालीचा डावा हात

मी उजव्या हाताने जेवते, उजव्या हाताने लिहिते आणि टेनिस डाव्या हाताने खेळते. सभा संपली की पोरी हमखास विचारतात, "ताई, तुमी डावखुऱ्या हाव का?" मी नाही म्हणते. मग असं कसं, हा त्यांचा पुढचा प्रश्न. तेव्हा मला पाथरीची जीप गाठायची असते, म्हणून मी "पुढच्या वेळी सांगते" म्हणून सुटते. पत्रकात तर हे कधीच बसलं नाही. पत्रक एका पानाचं असतं आणि त्यात मागणी ठळक लागते : प्रत्येक गावात मुलींना खेळायला हक्काचं मैदान द्या. ती मागणी करणारी पोरगी कोण, तिची माय कोण, तिने कुणाचं बघून रॅकेट धरली, याला त्या पानावर जागा नसते. इथे आहे, तर सगळं सांगून टाकते.

आमचं घर पिंगळीला, स्टेशनच्या अंगाला. दोन खोल्या पत्र्याच्या आणि त्यांच्याहून मोठा, काट्यांचं कुंपण घातलेला मेंढरांचा वाडगा. पॅसेंजर थांबायची, एक्सप्रेस नुसता हॉर्न देऊन पुढे जायची, आणि त्या हॉर्नला आमचा एक म्हातारा एडका न चुकता ओरडून उत्तर द्यायचा. पाहुण्यांना हसू यायचं, आम्हाला ते ऐकूच येत नसे. घरात लोकरीचा, शेळीच्या दुधाचा आणि चुलीवरच्या अंबाडीच्या भाजीचा वास कायम मिसळलेला असायचा. अंबाडीत ज्वारीच्या कण्या, वर लसणाची फोडणी आणि पातळ भाकरी. मायच्या भाकरीला कड नसायची, मधोमध जेवढी पातळ तेवढीच काठाला. आज मी ज्या ज्या घरी मुक्कामाला जाते तिथे चांगलंच जेवते, पण तशी भाकरी मला अजून कुणी वाढलेली नाही, आणि मला स्वतःला तर ती येतच नाही.

दिवाळी झाली की दादा, म्हणजे माझे वडील, मेंढरं घेऊन गोदाकाठाकडे निघायचे. बरोबर माय, तट्टू, कोंबड्या आणि तट्टाच्या पाठीवर बांधलेला संसार. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे, त्यांना लेंडीखत मिळायचं, आम्हाला धान्य मिळायचं. पावसाच्या तोंडाला सगळे परत. शाळेतली लेकरं तेवढी शेजारच्या थोरल्या काकूंकडे राहायची. माझी थोरली बहीण सातवीनंतर मेंढरांमागे गेली ती थेट लग्नाच्या मांडवात परतली. ती सासरी गेली आणि तळावर पाणी आणणारे, सरपण गोळा करणारे, पिलं सांभाळणारे हात कमी झाले. मी तेव्हा नववीत होते. कुणी मला बसवून काही सांगितलं नाही. एक दिवस मायने बहिणीचं जुनं घोंगडं उन्हात टाकलं आणि म्हणाली, "कसर लागली न्हाई. तुला व्हईल." यातून समजायचं ते मी समजले.

टेनिस आमच्याकडे खोक्यातून आलं. शाळेला कुठल्याशा योजनेतून खेळाचं सामान मिळालं. क्रिकेटच्या बॅटी, व्हॉलीबॉल आणि नेट पोरांनी खोकं फोडल्या फोडल्या नेलं. खाली उरल्या दोन रॅकेटी. त्या कशाच्या हे पोरांना नीट कळलं नाही, म्हणून त्या मुलींना मिळाल्या. मुलींना काय मिळतं ते ठरवायची आपल्याकडची पद्धत हीच आहे, आणि तिच्याविरुद्ध मी आजही बोलते. खेळाचे गोरे सर कंत्राटी होते, दर वर्षी राहतील की जातील याची त्यांनाच खात्री नसायची. पण माणूस हिकमती. ते म्हणाले, "टेनिसला खेड्यातनं मुलींची नावंच येत न्हाईत. जी जाईल ती एकदम वरच्या फेरीत. खेळा." आम्ही विचारलं, कसं खेळायचं? सर म्हणाले, "बघूनच शिकायचं. मी बी तुमच्यासंगंच शिकतो."

बघायचं कुठे, तर शबानाच्या भावाच्या मोबाइलवर. शबाना माझ्याच वर्गात, दोन गल्ल्या पलीकडे राहायची. तिच्या घरी मराठी, उर्दू, दखनी सगळं एका ताटात. जुम्मेच्या दुपारी भाऊ झोपला की ती मोबाइल ओढणीत गुंडाळून आमच्या वाडग्यात यायची. त्यात कुणी तरी टाकलेल्या छोट्या छोट्या क्लिपा होत्या, एकाच चिनी बाईच्या. तिचं नाव आम्हाला उच्चारता यायचं नाही, म्हणून आम्ही तिला चीनवाली म्हणायचो. उंच, केस मागे घट्ट बांधलेले, आणि मारताना तोंडातून असा हुंकार की आमची करडं दचकायची. एका क्लिपेत हिंदीत बोलणारा माणूस तिची हकिकत सांगायचा. लहान असताना तिला घरून उचलून सरकारी खेळशाळेत टाकलं. तिथे कोच दिवसभर चुका सांगायचा, चांगलं झालं तर गप्प बसायचा. तिला जिंकायला लावलं, पण कुठे खेळायचं, कुणाबरोबर, कुणाच्या हाताखाली, हे साहेब ठरवायचे. मग एक दिवस तिने साहेबांना सांगितलं, माझा कोच मी निवडणार. पुढे गुडघा गेला, लोक म्हणाले संपली, तर ती परत आली आणि आपल्याहून कितीतरी लहान पोरींना हरवलं. शबाना हे दर वेळी नव्याने ऐकल्यासारखं ऐकायची आणि म्हणायची, "क्या हिम्मत है रे इसकू! साब के मुँह पे बोली!"

त्या क्लिपांत पाठीमागच्या पाट्यांवर काहीतरी लिहिलेलं असायचं. अक्षरं इंग्रजीसारखी वाटायची, पण लागायची नाहीत. मी म्हटलं, ही चिनी लिपी असणार. शबानाने मोबाइल जवळ धरून बारीक बघितलं. ती मदरशात उर्दू शिकलेली, तिला या गोष्टीत अधिकार होता. ती म्हणाली, "हमारे उर्दू के जैसाच हैगा. सीधे हात से उलटे हात कू पढते चीन में." माझा विश्वास बसला. आम्ही सरांना दाखवलं, सर म्हणाले, "असंल बाबा. मोठा देश हाय." विषय संपला.

चीनवाली डाव्या हातात रॅकेट धरायची, म्हणून आम्हीही डाव्या हातात धरली. उजव्या हाताने चेंडू वर टाकायचा, डाव्याने मारायचा. एकदाही प्रश्न पडला नाही. टेनिस डाव्या हाताने खेळतात, जसं भाकरी उजव्या हाताने मोडतात, असंच आम्ही धरून चाललो. घरी मात्र रोज तमाशा. डावा हात म्हणजे काय कामाचा हात, ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. माय अंगणातून ओरडायची, "अगं त्या हातानं काय हाणायलीस सारखं! उद्या पाव्हण्याला पाणी बी त्याच हातानं देशील." गल्लीतल्या पोरांनी माझं नाव डावरी ठेवलं. मी दगड उचलायचे, तोही डाव्याच हाताने, मग आणखी हसायचे.

खेळायला जागा हा मोठा तंटा होता. मैदान पोरांचं. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण होतं. आम्हाला मिळाला शाळेमागचा तुकडा, काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. चेंडू भेगेत पडला की तिथेच बसायचा. सरांनी सरपंचांना गाठून रस्त्याच्या कामातला उरलेला मुरूम टाकून घेतला, पण तो दाबायला रोलर कोण देणार? मुरूम पायाखाली वाळूसारखा सरकायचा. महिनाभर ते ढीग तसेच पडून राहिले. मग एका संध्याकाळी मेंढरं परत येताना दादा शाळेमागे थांबले. त्यांनी मुरमाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "पाणी मार ह्याच्यावर."

मी आणि शबानाने हापशावरून पाणी आणून शिंपडलं. दादांनी सगळी मेंढरं त्या तुकड्यावर घातली आणि कडेने उभे राहून त्यांना गोल गोल फिरवलं. हुर्र हुर्र करत, काठीने नुसता इशारा करत. मेंढराचं खूर बारीक, पण शेकड्याने खुरं पडली की जमिनीला दुसरा इलाज राहत नाही. पूर्वी खळं करायचे तेव्हा बैल असेच फिरवायचे, असं काकू सांगायच्या. दुसऱ्या दिवशी आम्ही लेंड्या झाडल्या, शेणकाला केला, सारवलं, चुन्याने रेघा मारल्या, पोरांचं फाटकं नेट खाली ओढून बांधलं. आजवर मी बरीच टेनिसची मैदानं बघितली. आमच्या मैदानावर चेंडू जसा उठायचा तसा कुठेच उठत नाही, आणि तसा वासही कुठे येत नाही. दादांना मी थँक्यू म्हटलं नाही. तशी रीत नव्हती. त्यांनीही काही विचारलं नाही, फक्त म्हणाले, "मेंढरास्नी बी बरं झालं. खुरं घासली."

दिवाळी तोंडावर आली तेव्हा गोरे सर घरी आले. परभणीला विभागाच्या संघासाठी निवड होती. सर म्हणाले, "दादा, पोरगी निवडली तर तिला हितंच राहू द्या. दहावी तरी करू द्या." दादांनी तंबाखू मळायला घेतली. मायने शेळीच्या दुधाचा चहा आणून ठेवला, सरांनी वास न घेता पिऊन टाकला, त्याबद्दल मला त्यांचा आजही आदर वाटतो. शेवटी दादा म्हणाले, "निवडली तर ऱ्हाऊ दे. न्हाई निवडली तर मेंढरामागं. मंग पुन्हा इचारायला यायचं न्हाई, सर." सर मान हलवून गेले. मायने चुलीत लाकूड जोरात सारलं. तिला कुणी विचारलं नव्हतं. मी राहिले तर तिच्या वाट्याला काय येणार, हे तिला आम्हा सगळ्यांपेक्षा आधी कळलेलं होतं.

मी आणि शबाना सरांबरोबर परभणीला पोचलो तेव्हा पहिल्यांदाच खरं टेनिसचं मैदान बघितलं. चहूबाजूंनी जाळी, सरळ ताणलेलं नेट. शहरातल्या पोरी पांढऱ्या कपड्यांत, त्यांचे आईबाप खुर्च्या टाकून बसलेले, बरोबर थंड पाण्याच्या बाटल्या. आम्ही शाळेच्या सलवारीवर. निवड करणारे साहेब उंच, टोपी घातलेले, बोलायला तुटक. त्यांनी आम्हाला आधी भिंतीवर चेंडू मारायला लावला. बघत राहिले, मग म्हणाले, "एकाच गावच्या दोन मुली, आणि दोघी डावखुऱ्या? नात्यातल्या आहात का?"

शबाना म्हणाली, "नई साब. टेनिस ऐसाच खेलते ना?"

साहेबांनी आम्हाला सही करायला लावली. दोघींनी उजव्या हाताने केली. त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. "हे शिकवलं कुणी?" सर पुढे झाले, चीनवालीचं सांगितलं. शबानाने ओढणीतून मोबाइल काढला. साहेबांनी क्लिप बघितली आणि टोपी काढून हसायला लागले. असे हसले की खुर्च्यांवरचे लोक उठून आले. मग त्यांनी सांगितलं. चोरून टाकलेल्या क्लिपा पकडल्या जाऊ नयेत म्हणून लोक चित्र उलटं करून टाकतात, आरशात दिसतं तसं. पाटीवरची अक्षरं साधी इंग्रजी, फक्त उलटी. आणि ती बाई उजव्या हाताने खेळते, सगळ्या जगाला माहीत आहे.

सगळे हसले. सरही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. शबाना मोबाइलकडे असं बघत होती, जणू त्यानेच तिला फसवलं. मला पहिल्यांदा लाज वाटली, आणि लगेच राग आला. मोबाइल उधारीचा, कोच नाही, मैदान मेंढरांनी केलेलं, आणि एवढं करून आम्ही इथपर्यंत आलो, तर लोकांना त्यात हसायला सापडलं. आज भाषणात माझा आवाज चढतो तो पहिल्यांदा तिथे चढायला हवा होता. चढला नाही. मी खाली बघत उभी राहिले.

साहेब म्हणाले, "चूक लक्षात आली ना? आता उजव्या हाताने खेळा. मला पाया चुकीचा असलेली मुलगी संघात नको." शबानाने मुकाट्याने हात बदलला. मीही बदलला. समोर एक शहरातली मुलगी आली, चांगली होती, आखडू नव्हती. पण उजवा हात माझा असून माझा नव्हता. मारलेला चेंडू जाळीवर, जाळीबाहेर, एकदा तर पाणी पिणाऱ्या माणसाच्या अंगावर. खुर्च्यांवरून हसू येतच होतं. मी एकामागून एक गुण घालवत होते आणि मला स्वच्छ दिसत होतं, बहिणीचं घोंगडं, तट्टू आणि गोदाकाठची वाट.

जाळीच्या बाहेर दादा उकिडवे बसले होते. लोकर घेऊन ते बाजारात आले होते, तिकडून चालत इकडे आले. डोक्याला पागोटं, खांद्यावर घोंगडं, शेजारी चपला काढून ठेवलेल्या, जणू मंदिरात आलेत. ते आले कधी, मला कळलं नव्हतं. चेंडू आणायला मी जाळीपाशी गेले तेव्हा ते म्हणाले, "हे काय खेळायलीस?"

"साहेब म्हणाले, ह्याच हातानं."

"साहेब म्हणाले?" त्यांनी साहेबांकडे बघितलंही नाही. "गावात तुज्यापायी मेंढरं फिरवली ती हे बघायला व्हय? घरी खेळतीस तसं खेळ. न्हाई तर चल, मेंढरं उपाशी हाईत."

प्रेमाने बोलले असं मी लिहिणार नाही. वैतागून बोलले. पण मी परत फिरले आणि रॅकेट डाव्या हातात घेतली. साहेब ओरडले, "मी काय सांगितलं?" मी म्हटलं, "साहेब, मला ह्याच हातानं येतं." ते म्हणाले, "मग माझ्याकडून आशा धरू नकोस." चीनवालीचा हात उजवा निघाला, पण साहेबांच्या तोंडावर बोललेली ती होतीच, ते काही आरशात उलटं झालेलं नव्हतं. मी चेंडू वर टाकला आणि मारला. समोरच्या मुलीने नेहमीसारखा पाय टाकला आणि चेंडू तिच्या दुसऱ्याच अंगाने निघून गेला. तिने माझ्याकडे बघितलं. पुन्हा तसंच झालं. तिला डाव्या हाताचा सराव नव्हता, माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. माझ्याआधी उजव्या हाताने हरून कडेला रडत बसलेली शबाना ओरडायला लागली, "मार डावरी, मार!" गल्लीतली शिवी तिने तिथे पहिल्यांदा अशी वापरली, आणि तेव्हापासून ती मला शिवी राहिली नाही.

शेवटी मी हरले. उजव्या हाताने घालवलेले गुण भरून निघाले नाहीत. त्या मुलीने नेटपाशी येऊन हात पुढे केला, मी चुकून डावा पुढे केला, दोघी हसलो. साहेबांनी नावं वाचली. माझं नव्हतं, शबानाचंही नव्हतं. मी आज मागणी करते की निवड कशी झाली ते लेखी सांगा, खेड्यातल्या मुलींना वर्षभर कोच द्या, मग निवड करा. तेव्हा हे काही सुचलं नाही. पिंगळीपर्यंत दादा आणि मी जीपमध्ये समोरासमोर बसून आलो. ते बाहेर बघत होते. ठरलेलं ठरलेलं होतं.

निघायच्या सकाळी मी घोंगडं गुंडाळून तट्टावर बांधलं आणि शेजारी उभी राहिले. रॅकेट शबानाला देऊन टाकली होती. माय पातेली बांधत होती. मेंढरं वाडग्यातून बाहेर पडली, एक्सप्रेसने हॉर्न दिला, एडक्याने उत्तर दिलं. गोदाकाठचा रस्ता डावीकडे. दादांनी मेंढरं उजवीकडे वळवली.

माय म्हणाली, "अहो, हिकडं कुठं निघालाव?" मेंढरं शाळेमागे गेली. पावसाने मैदान खचलं होतं, कडेचा मुरूम वाहून मधे आला होता. दादांनी मला हापसा दाखवला. मी पाणी आणलं, शिंपडलं. आणि भरल्या संसाराचं तट्टू रस्त्यावर उभं ठेवून, कोंबड्या टोपलीत ओरडत असताना, दादांनी सगळी मेंढरं त्या मैदानावर घातली. गोल गोल फिरवली, कोपरे सुद्धा सोडले नाहीत. शाळेतली पोरं कुंपणावर येऊन बसली. कुणी डावरी म्हटलं नाही. मैदान घट्ट झालं तेव्हा दादा तट्टापाशी आले, माझं घोंगडं सोडून माझ्या हातात दिलं आणि मायला म्हणाले, "चल."

माय थांबली. मला वाटलं ती चिडणार, तिचा हक्क होता. त्या वर्षी तळावरचं पाणी, सरपण, चूल, पिलं, सगळं तिने एकटीने ओढलं. परत आली तेव्हा तिची कंबर वाकली होती ती पुन्हा सरळ झाली नाही. माझ्या मैदानाची किंमत कुणी भरली, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगते, आणि म्हणूनच दुसऱ्या कुठल्या मायला ती भरावी लागू नये म्हणून भांडते. पण त्या सकाळी ती चिडली नाही. तिने पदराने माझ्या तोंडावरची धूळ पुसली आणि म्हणाली, "काकूला पिडू नको. आन भाकर तरी उजव्या हातानं थाप."

मेंढरांची धूळ रस्त्याच्या वळणाआड गेल्यावर मी शबानाच्या घरी जाऊन रॅकेट परत मागितली.